सायकलवर चवड्याची आग: नवे शूज घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४७, राहायला कोथरूडला. वर्षभर हायब्रिड चालवल्यावर रोड बाइक घेतली आणि तिच्यासोबत तीन बोल्टांच्या क्लीटचे (क्लीट म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा सोलखालचा तुकडा) शूज. तेव्हापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर झाले की उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होते, मधल्या दोन बोटांना मुंग्या येतात आणि मग ती बोटं आहेत की नाहीत तेही कळत नाही. डाव्या पायालाही होतं, पण उशिरा आणि कमी. सिंहगडाच्या चढावर सगळ्यात जास्त. शूज काढून पाच मिनिटं बसलं की सगळं गायब. एक्स-रे स्वच्छ आहे. ग्रुपमधला एक जण म्हणतो इनसोल टाका, दुकानदार म्हणतो कार्बन सोलचे शूज घ्या, आणि दोन महिन्यांवर २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) आली आहे. शूज बदलू का?

नका बदलू. निदान अजून नको. मी पुण्यात बरीच वर्षं बाइक फिटिंग, म्हणजे सायकल माणसाच्या मापाला जुळवायचं काम, करतोय आणि पाय दुखतो म्हणून येणाऱ्या बहुतेकांचं काम चार नंबरच्या ॲलन कीवर भागतं. उरलेल्यांपैकी काहींना खरंच नवे शूज लागतात, आणि थोड्यांना डॉक्टर. पण सगळे सुरुवात करतात ती दुकानापासून, कारण तिथे दहा-बारा हजार दिले की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आधी दुखतं कशामुळे ते बघू. पावलात पाच लांब हाडं असतात. त्यांची पुढची टोकं म्हणजे आपला चवडा. या हाडांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा जातात. सायकलच्या बुटात त्या नसा दोन्हीकडून सापडतात: बाजूने बूट आवळतो, खालून पेडल रेटतं. चालताना दर पावलाला दाब टाचेवरून चवड्यावर सरकतो आणि पाऊल उचललं की सुटतो. सायकलवर पाऊल जागचं हलत नाही. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४८०० वेळा त्याच जागेवर दाब. त्यात पाऊल उन्हाने आणि श्रमाने सुजतं, बूट मात्र तेवढाच राहतो. म्हणून पहिले तीस किलोमीटर काही होत नाही आणि नंतर एकदम आग सुरू होते. तुमची बधिर होणारी बोटं मधली आहेत हेही याच्याशी जुळतं. तिसऱ्या-चौथ्या हाडांच्या मधली नस बहुतेकांत पहिली कुरकुरते.

म्हणजे काम तीन आहेत: बाजूचा आवळ कमी करायचा, खालचा दाब पसरवायचा किंवा सरकवायचा, आणि प्रत्येक दाबामागचा जोर घटवायचा. तिन्ही फुकटात सुरू करता येतात. एका वेळी एकच बदल करा, दोन राइड त्यावर काढा आणि आग कितव्या किलोमीटरला सुरू झाली तेवढं लिहून ठेवा. मार्ग शक्यतो तोच ठेवा. तुम्हाला एनडीए रस्त्याने खडकवासला आणि पुढे पानशेतकडे जाणं सोपं पडेल. चढ-उतार माफक आहेत आणि परतायला कुठूनही परतता येतं. सगळं एकदम बदललं तर बरं कशाने वाटलं ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या बुटांच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिलं काम पट्ट्यांचं. घरून निघताना जेवढे आवळता त्यापेक्षा बरेच सैल ठेवा. तीन पट्टे असतील तर बोटांकडचा जवळपास नावापुरता, मधला हलका, आणि वरचा, घोट्याजवळचा, तोच काय तो घट्ट. बुटाने पाय धरायचा तो पावलाच्या वरच्या चढावर, चवड्यावर नाही. पट्ट्यांऐवजी फिरकी फिरवून आवळायचा बूट असेल तर ती दोन-तीन टिकटिक मागे घ्या आणि राइडमध्ये तासाभराने पुन्हा एकदा मागे घ्या. पाय बुटात हलतोय असं सुरुवातीला वाटेल. टाच वर उचलली जात नसेल तर तेवढं हलणं चालतं. जोर लागणार नाही या भीतीने सगळे आवळतात. सरळ बसून पेडल मारताना जोर खाली लागतो आणि खाली रेटायला पट्ट्याचा काहीही उपयोग नाही. तो लागतो शेवटच्या स्प्रिंटला, आणि बीआरएममध्ये स्प्रिंट नसते.

मोजे बघा. जाड, गुबगुबीत टॉवेलचे मोजे बुटातली जागा खातात. पातळ, शिवण बोटांवर न येणारे घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुळशीकडे जाणारे थंडी वाजते म्हणून दोन जोड चढवतात, आणि मग बोटं गारठ्याने बधिर झाली की आवळल्याने, हे त्यांनाही सांगता येत नाही. थंडीसाठी बुटाच्या वरून कव्हर घालावं, आतून नाही.

मग बूट खरंच अरुंद आहे का ते तपासा. आतला इनसोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि संध्याकाळी, दिवसभर वावरून झाल्यावर, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून नाही, उभे राहून. करंगळीकडची कड किंवा अंगठ्याच्या मागचं हाड इनसोलच्या बाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, लांबी कितीही बरोबर असो. बऱ्याच युरोपियन बुटांचा साचा चिंचोळा असतो, आणि चपला-सँडल घालून किंवा अनवाणी वाढलेल्या पायाचा चवडा पसरट असतो. लोक मग रुंदी मिळवायला एक नंबर मोठा घेतात. त्यात बूट लांब होतो, क्लीटची भोकं पुढे सरकतात आणि आग तिथेच राहते. काही कंपन्या त्याच लांबीत वाइड साचा काढतात. घ्यायचेच झाले तर ते घ्या. चामड्याचा बूट चांभाराकडे लाकडी साच्यावर ताणून घेता येतो, पण आजचे सिंथेटिक सायकल शूज फारसे ताणत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

इनसोल बाहेर आहेच तर बुटात हात घाला आणि चवड्याच्या जागी बोटांनी चाचपा. स्वस्त बुटांत क्लीटच्या नटांची पट्टी किंवा बोल्टचं टोक वर उठलेलं लागतं. बोटाला टोचलं तर चवड्यालाही टोचणारच. बोल्ट लांब असेल तर योग्य लांबीचा लावा. पट्टी वाकली असेल तर बदला.

आता क्लीट. माझ्या मते तुमच्या दुखण्याचा मोठा वाटा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

बूट घाला, पट्टे लावा आणि उभे राहा. आतल्या बाजूला अंगठ्याच्या मुळाशी एक गाठ हाताला लागते, ते पहिलं हाड. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मुळाशी तशीच एक लहान गाठ, ते पाचवं. दोन्ही ठिकाणी बुटावर चिकटपट्टीचा तुकडा लावून रेघ ओढा. करंगळीकडची रेघ अंगठ्याच्या रेघेपेक्षा मागे, टाचेच्या दिशेला येईल. बूट काढून उलटा करा. बऱ्याच क्लीटच्या कडेला पेडलच्या आसाची जागा दाखवणारी बारीक खूण असते. ती या दोन रेघांशी ताडून बघा. दुकानातून आलेल्या बुटांत ती बहुतेक वेळा अंगठ्याच्या रेघेवर किंवा तिच्याही पुढे सापडते, कारण क्लीट लावणाऱ्याने भोकांच्या मधोमध लावून दिलेलं असतं. म्हणजे सगळा भार हाडांच्या टोकांवर. ज्यांना आग होते त्यांचं क्लीट करंगळीच्या रेघेपर्यंत, प्रसंगी तिच्याही थोडं मागे न्यावं लागतं.

सरकवण्याआधी जुन्या जागेची खूण करा. क्लीटच्या कडेने सोलवर नेलपॉलिशची रेघ मारली की पावसातही जात नाही. बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका, आणि क्लीट टाचेकडे तीन ते पाच मिलिमीटर सरकवा. कोन बदलू देऊ नका, नाहीतर आग जाईल आणि गुडघा धरेल. दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून धरा आणि दोन्ही क्लीट समोरासमोर येतात का ते बघा. तुमचा उजवा जास्त दुखतो, म्हणून हे आधी बघा. कित्येकदा दोन क्लीटमध्ये चांगला पाच मिलिमीटरचा फरक निघतो आणि मालकाला पत्ता नसतो. बोल्टला थोडं ग्रीस लावून पाच-सहा न्यूटन मीटरला घट्ट करा. ग्रीस टाळू नका. एका पावसाळ्यात हे बोल्ट असे गंजून बसतात की पुढच्या वेळी ड्रिल लागतं.

क्लीट मागे गेलं की दोन गोष्टी बदलतात. एक, पाय पेडलपर्यंत पोचायला किंचित लांबचं पडतं, म्हणून सीट दोनेक मिलिमीटर खाली घ्या. दुसरं, पाऊल पुढे जातं, त्यामुळे अगदी हळू, हँडल पूर्ण वळवून जाताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. वेगात हे होत नाही, गल्लीत यू-टर्न घेताना होतं. सोसायटीच्या आवारात एकदा मुद्दाम करून बघा, कर्वे रस्त्याच्या सिग्नलला पहिल्यांदा कळायला नको.

तीन बोल्टांच्या सोलमध्ये मागे जायला मर्यादित जागा असते. पूर्ण मागे नेऊनही पुरत नसेल तर दोन बोल्टांचे माउंटन शूज बघा. त्यांत बरेचदा भोकांच्या दोन जोड्या असतात आणि क्लीट खूप मागे जातं. शिवाय ते सोलमध्ये रुतलेलं असतं, त्यामुळे चहाच्या टपरीवर बदकासारखं चालावं लागत नाही. लांब पल्ल्याच्या लोकांना मी तेच सुचवतो. क्लीट लहान असलं तरी सोल पुरेसा ताठ असेल तर दाब पसरतो. सोल मऊ आणि क्लीट लहान, ही जोडी मात्र वाईट.

शिमानोचे रोड पेडल असतील तर क्लीटचा रंगही बघा. पिवळं सहा अंशांपर्यंत हलतं, निळं दोन, लाल अजिबात नाही. कोणी रेसवाल्याने तुम्हाला लाल लावून दिलं असेल तर पिवळं लावा. पाऊल ज्या कोनात आपणहून बसतं तिथून त्याला जबरदस्तीने वळवून धरलं की दाब पावलाच्या एकाच कडेवर जातो.

थोडं विषयांतर. पुणं सायकलींचं शहर म्हणवायचं तेव्हा लोक चपला, कोल्हापुरी, काय असेल ते घालून काळ्या सायकलीवर दिवस दिवस फिरायचे. रुंद रबरी पेडल, त्यावर पावलाचा मधला भाग, कधी कधी टाचसुद्धा. चवड्याने पेडल मारावं हे नंतरच्या रेसिंगवाल्यांनी शिकवलं आणि मधल्या पावलाने पेडल मारणाऱ्याला अडाणी ठरवलं. आता लांब पल्ल्याचे काही सायकलस्वार मुद्दाम क्लीट पावलाच्या मध्यापर्यंत मागे नेतात आणि त्यासाठी बूट खास बनवून घेतात. तेव्हाच्या दूधवाल्याला तक्रार नव्हती, कारण त्याचं पेडल मोठं होतं आणि पाऊल पाहिजे तेव्हा सरकवता येत होतं. क्लीट अडकवायचं पेडल, ज्याला क्लिपलेस म्हणतात, ते लूक कंपनीचं, १९८४ सालचं. शिमानोचं तसंच पेडल, एसपीडी, १९९० चं. त्याआधीही लोक घाट चढतच होते. सांगायचा मुद्दा हा की क्लीट लावलंच पाहिजे असा नियम नाही. सगळं करूनही आग गेली नाही तर रुंद, पिना असलेलं फ्लॅट पेडल आणि ताठ सोलचे साधे बूट घेऊन २०० किलोमीटर आरामात होतात. फक्त धावायचे बूट नकोत. त्यांचा मऊ सोल पेडलवर दुमडतो आणि पेडलचा पिंजरा तळव्याला जाणवायला लागतो.

सीटबद्दल. ती उंच असली की पेडल खाली गेल्यावर पाय पोचवायला बोटं खाली रोखावी लागतात आणि सगळा भार चवड्यावर येतो. पोटऱ्या ताणतात, कंबर डावी-उजवीकडे झुलते. घरी तपासायचं तर भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. टाच पोचवायला कंबर वाकडी करावी लागत असेल तर सीट उंच आहे. मग पाऊल नेहमीच्या जागी ठेवल्यावर गुडघ्यात २५ ते ३५ अंशांची वाक उरते, तेवढी बरोबर. हा ढोबळ अंदाज आहे, पण दुखणं शोधायला पुरतो. सीट पाच मिलिमीटरच्या वर एकदम खाली-वर करू नका.

राहिला सिंहगड. पहाटे गडावर चढणाऱ्या सायकलवाल्यांकडे नीट बघा. निम्मे जण उभ्यानेच, एकेक पेडल दाबत, मिनिटाला पन्नास-पंचावन्न फेऱ्यांनी चढत असतात. तेवढ्याच वेगाने चढायचं तर ताकद तेवढीच लागते, पण ६० फेऱ्यांत ती काढायची म्हणजे ९० फेऱ्यांच्या तुलनेत प्रत्येक दाब दीडपट. तो दीडपट दाब झेलतो कोण, तर तुमचा चवडा. वर चढावर वारा लागत नाही, पाय तापतो, सुजतो. म्हणून सिंहगडावर सगळ्यात वाईट. बोपदेवला, दिवे घाटातही तसंच होत असेल.

तुमच्या सायकलला पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दातांची चक्रं असतील, तर गोळेवाडीच्या पुढच्या तीव्र वळणांवर ७०-७५ फेरे राखणं आपल्या वयाला आणि वजनाला जमणार नाही. मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं असलेली कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) बसवा. मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढं झेलतं का ते मेकॅनिकला आधी विचारा. आखूड पिंजऱ्याचं असेल तर तेही बदलावं लागेल, आणि चेनची लांबीही बघावी लागेल. हा खर्च मी शूजच्या आधी करायला सांगतो, कारण तो गुडघ्यालाही वाचवतो. चढाच्या सुरुवातीलाच सगळ्यात हलक्या गिअरवर या, पाय भरून आल्यावर नाही. बसून चढा, अधूनमधून वीसेक सेकंद उभे राहिलात तर हरकत नाही, पण सतत उभ्याने चढल्यास सगळं वजन चवड्यावर येतं.

सपाटीवर एक सवय लावून घ्या: दर दहा-पंधरा मिनिटांनी मिनिटभर खाली रेटणं हलकं करून पाय वर ओढल्यासारखं करायचं आणि बुटात बोटं हलवायची. नस सुटते, रक्त जातं. दिसायला क्षुल्लक आहे, पण बीआरएममध्ये मला याइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही.

आता मित्राचा इनसोल आणि दुकानदाराचं कार्बन.

इनसोल वाईट नाही, पण शेवटून दुसरी गोष्ट आहे. ज्यांची पावलाची कमान पेडल दाबताना आत बसते, किंवा ज्यांची कमान खूप उंच असल्यामुळे भार फक्त चवडा आणि टाच यांवर येतो, त्यांना कमानीखाली आधार मिळाला की चवड्यावरचं ओझं वाटलं जातं. एक अट पाळा: नवा घालताना जुना बाहेर काढायचा. दोन्ही एकावर एक घातले की बूट आणखी आवळ होतो, आणि मग इनसोलला नावं ठेवली जातात.

चवड्याच्या हाडांना पसरवणारी एक छोटी थेंबाच्या आकाराची गादी मिळते. फार उपयोगी वस्तू, पण दहापैकी नऊ जण ती चुकीच्या जागी चिकटवतात. दुखतं तिथे, चवड्याखाली. तिथे ती उलट जास्त दाबते. तिची जागा चवड्याच्या मागे, कमानीच्या सुरुवातीला. जागा शोधायची सोपी रीत: तळपायावर जिथे जास्त दुखतं तिथे बोटाने ओलं कुंकू लावा, मोजा न घालता बुटात पाय घालून उभे राहा आणि पाय काढा. इनसोलवर ठसा उठेल. गादीची पुढची कड या ठशाच्या पाच-सात मिलिमीटर मागे आली पाहिजे. पहिल्या दिवशी काहीतरी टोचतंय असं वाटेल, दोन राइडमध्ये विसरायला होतं. तरीही टोचत राहिलं तर आणखी मागे घ्या किंवा काढून टाका.

कार्बनबद्दल दुकानदार अर्धं खरं बोलतोय. सोल लवचीक नसावा हे बरोबर, पण नायलॉनचा बरा सोल हौशी सायकलस्वाराला पुरेसा ताठ असतो. २००३ सालच्या एका अभ्यासात कार्बनच्या बुटांत चवड्यावरचा सर्वोच्च दाब प्लॅस्टिकच्या सोलपेक्षा जास्त मोजला गेला होता. चवडा दुखणाऱ्या माणसाला आणखी ताठ बूट विकणं म्हणजे औषधाच्या नावाखाली दुखणंच विकणं.

हे सगळं चवड्याचं झालं. वाचणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं दुसरीकडे असेल, त्यांच्यासाठी धावतं. पावलाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर तो पट्टाच, किंवा बुटाची जीभ दुमडली आहे. बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत दुखत असेल तर पाऊल बाहेरच्या कडेवर कललेलं असतं. क्लीट आत सरकवून पाऊल बाहेर घ्यावं लागतं, किंवा सोलखाली पाचर लागते, आणि ही पाचर स्वतः घरी बसवू नका. टाचेच्या वरच्या जाड शिरेत, घोट्याच्या मागे दुखत असेल तर सीट उंच आहे किंवा क्लीट फार पुढे आहे. तिथे दुखत असताना चढ बंद, कारण ती शीर एकदा बिनसली की महिने घेते. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाचेत सणक मारत असेल तर ते टाचेच्या पडद्याचं दुखणं. ते बहुधा सायकलमुळे झालेलं नसतं. घरात फरशीवर अनवाणी वावरणं थांबवा, मऊ चप्पल घाला, पोटऱ्या ताणा आणि रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवा.

सायकलवरून पडला असाल, किंवा खड्ड्यात जोरात आदळला असाल, तर उजव्या पेडलचा आस वाकलेला नाही ना तेही बघा. सायकल उलटी करून पेडल हळू फिरवा आणि डोळा त्याच्या पातळीत ठेवा. पेडल डगमगताना दिसलं तर पाऊल दर फेरीला मुरगळतंय. हे दुखणं कुठल्याही बुटाने जाणार नाही.

डॉक्टरकडे कधी? तुमचं दुखणं बूट काढला की पाच मिनिटांत जातं, हे चांगलं लक्षण आहे. सायकल सोडल्यावरही तासन्‌तास राहायला लागलं, चालताना चवड्याखाली मोज्याची घडी किंवा खडा आल्यासारखं वाटू लागलं, किंवा चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत दाबल्यावर बोटांत कळ गेली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नसेभोवती जाडी धरली असेल. मॉर्टन नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये वर्णन केलेलं हेच ते दुखणं, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. तुमचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून ते नाहीच असं धरू नका. एकाच हाडावर बोट ठेवलं की जीव जातो आणि वर सूज आहे, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. राइड पूर्ण बंद करा. अंगठ्याचं मूळ लाल, गरम, हात लावू देत नाही, तर यूरिक ॲसिड तपासा.

आणि एक गोष्ट चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला सांगतो. दोन्ही तळपायांची रात्री अंथरुणात आग होत असेल, सायकलचा संबंध नसताना मुंग्या येत असतील, तर फिटरकडे येऊ नका. रक्तातली साखर आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं नवं नाही, आणि मधुमेहाची पहिली खबर कधी कधी तळपायच देतात. पाठीतून नितंबावरून पोटरीत उतरत जाणारा बधिरपणा असेल तर तो कमरेचा प्रश्न, पावलाचा नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. या आठवड्यात पट्टे, मोजे आणि इनसोलवर उभं राहायची चाचणी. पुढच्या आठवड्यात क्लीट मागे आणि सीट थोडी खाली, डावं-उजवं ताडून. मग कॅसेट. चार आठवड्यांत आग साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत मागे हटली तर दिशा बरोबर आहे, तेव्हा ती गादी लावून बघा. इनसोलच्या चाचणीत बूट अरुंद निघाला असेल तर मात्र वाट बघू नका, वाइड साच्याचे शूज लगेच घ्या. संध्याकाळी जा, राइडचेच मोजे घेऊन जा आणि दुकानात दहा मिनिटं तरी ते घालून उभे राहा. मोठ्या पायाच्या मापाने घ्या. दोन्ही पाय सारखे नसतात, आणि तुमचा उजवा मोठा असावा अशी माझी शंका आहे.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांब्यांसह ताशी पंधराच्या आत-बाहेर. पायासाठी थांबायला त्यात भरपूर वेळ आहे, तेव्हा आग असह्य होईपर्यंत वाट पाहू नका. पहिली चुणूक लागली की पट्टे सैल करा, प्रत्येक कंट्रोलला (वाटेतल्या तपासणीच्या थांब्याला) बूट काढा, पाच मिनिटं अनवाणी चाला. एप्रिल-मेच्या उन्हात पावलांवर पाणी ओतायचा मोह होईल. ओता, पण मोजे काढून, आणि पुसून कोरडे केल्यावरच पुन्हा घाला, नाहीतर आगीऐवजी फोड घेऊन घरी याल. शेवटच्या दोन आठवड्यांत क्लीट, सीट, शूज कशालाही हात लावू नका. तोवर जे जमलं असेल तेच घेऊन जा आणि चार नंबरची ॲलन की खिशात ठेवा.